पाटाच्या मापाचा ट्रॅक्टर

बाबा,

मी ट्रॅक्टर घेतला. लहानसाच. तुमच्या खाणीतल्या मशीनच्या बकेटात आडवा मावेल एवढा. मागे त्याला खोदायचा हात बसतो, आणि तो उतरवला की त्याच जागी गवत कापायचं यंत्र लागतं. तुम्ही असता तर सोप्यावर बसून पाय हलवत विचारलं असतं, "हें कितें गो, खेळणें?" आणि माझं उत्तर न ऐकताच चहा मागितला असता. घरात मी तुम्हांला 'तू'च म्हणायचे, आपल्याकडे सगळेच म्हणतात. पण तुम्ही वाचायचात ते मराठी, आणि मराठीत लिहायला बसलं की हात आपोआप 'तुम्ही' लिहितो. तो आदर समजू नका. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली. त्यांतली निम्मी मी तुमच्यावर रागावण्यात घालवली आणि निम्मी तुमच्यासारख्या पुरुषांवर. यंदा दोन्ही एकदम करायची संधी मिळाली, म्हणून लिहिते आहे.

निमित्त तुमच्या धाकट्या लेकाचं. तो आता हरमलला असतो. बायकोच्या माहेरच्या घरावर चार खोल्या चढवून त्या पर्यटकांना भाड्याने देतो, आणि तेव्हापासून कुठलीही जागा त्याला चौरस मीटरमध्येच दिसते. मी पेडण्याच्या शाळेतून निवृत्त झाले. नवरा आधीच गेला होता, मुली आपापल्या संसारात लांब. मी डिचोलीकडच्या आपल्या घरी परत आले, ओढ्याकाठच्या कुळागरात. पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, सगळं होतं जागच्या जागी, फक्त कमरेएवढ्या गवतात बुडालेलं आणि तहानलेलं. एका सकाळी तुमचा लेक दिल्लीच्या एका गृहस्थाला घेऊन आला. पांढरे बूट. त्याने आपल्या पोफळींना 'पाम' म्हटलं, ओढ्याला 'वॉटर बॉडी' म्हटलं, आणि आईच्या तुळशीपाशी उभं राहून इथे लॉन किती छान होईल ते मला समजावून सांगितलं. तुमचा लेक शेजारी उभा राहून मान हलवत होता, एखाद्या वेटरसारखी. जमीन अजून तुमच्याच नावावर आहे, तुम्ही कागद कधी नीट केलेच नाहीत, त्यामुळे विकायची तर आम्हां दोघांचीही सही लागते. गृहस्थ गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला, मेजावरचा पाव मोडून चहात बुडवला आणि म्हणाला, "ताई, तूं म्हातारी जाली गो. पाट कोण काडटलो आतां? पाणी येना, म्हणून झाडां मरतात. झाडां मेल्यार जमीन दवरून कितें करतली?"

"पाणी मी आणीन."

"तूं?"

त्या एका अक्षरात तुमचा आवाज होता, बाबा. तोच सूर, तेवढीच वर गेलेली भुवई. नाहीतर मी एवढी पुढे गेले नसते. मी म्हटलं, शिरगावच्या जत्रेच्या दिवशी, भर उन्हाळ्यात, आपल्या शेवटच्या पोफळीच्या बुडाशी पाणी नसलं तर मी निमूट सही करते. पाणी असलं, तर तो पांढऱ्या बुटांचा माणूस परत या फाटकातून आत येणार नाही. "बरें, बरोवन दी," तो म्हणाला. लिहून दिलं. इंग्रजीत, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी घोटवून घेतलेल्या वळणदार अक्षरात. त्याला ते वाचायला वेळ लागला. ते बघून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

पण पाट काढायला, म्हणजे त्यातला वर्षाचा गाळ उपसायला, माणसं कुठून आणणार? पूर्वी सहा घरं मिळून काढायची. त्यांतल्या चार घरांना कुलूप आहे, पाचव्यात माझ्याहूनही म्हातारी एक बाई आहे, सहावी मी. कामाला माणसं मिळतात ती काजूच्या दिवसांत. सावंतवाडीकडून येतात आणि बी वेचून संपली की जातात. राहिलं मशीन. भाड्याचं मोठं मशीन आणायचं नाही, हे ठरलेलंच होतं. का, ते तुम्हांला सांगायची गरज नाही, तरी सांगणार आहे. मी सुंभाची दोरी घेऊन पाटावर गेले आणि तिला तीन गाठी मारल्या. पहिली पाटाच्या रुंदीवर. दुसरी दोन्ही बांध धरून. तिसरी पोफळींच्या दोन रांगांमधल्या सगळ्यात अरुंद जागेवर. दोरी पर्समध्ये घातली आणि टॅक्सी करून म्हापशाला गेले.

पहिल्या दुकानात टाय लावलेला एक विक्रेता धावत आला, माझ्या अंगावरून पुढे गेला आणि टॅक्सीच्या ड्रायव्हरला म्हणाला, "या साहेब, किती जमीन आहे?" ड्रायव्हरने माझ्याकडे बोट दाखवलं. मग त्याने मला विचारलं, "मॅडम, कलर कुठला आवडतो?" मी आयुष्यभर सातवीच्या वर्गाला भूगोल शिकवला आहे, मूर्ख प्रश्नाला शांतपणे सामोरं जायची मला सवय आहे. मी म्हटलं, रंग कुठलाही चालेल, रुंदी सांगा. त्याने रुंदी सोडून सगळं सांगितलं. सगळ्यात मोठ्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "हा घ्या, जास्त हॉर्सपॉवर." मी म्हटलं, मला पोफळींमधून जायचंय, शर्यतीला नाही. त्याने हसून बॅकहो दाखवला, मग गवत कापायचा मोवर दाखवला. "दोन्ही बसतात, मॅडम."

"मोवर कुठे बसतो?"

"मागे."

"आणि हा खोदायचा हात?"

"तोही मागे."

"एका वेळी?"

"म्हणजे… एकेक करून, मॅडम. दोन मिनिटांचं काम."

"मग करून दाखवा."

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. अकरा वाजले होते. दोन मेकॅनिक आले, मग तिसरा हातोडा घेऊन आला. एक खीळ निघेना, निघाली ती परत बसेना, विक्रेत्याने टाय काढून खिशात घातला. दुकान जेवायला बंद व्हायची वेळ झाली तरी तो हात अर्धवट लोंबकळतच होता. तेवढ्या वेळात मी दोरी काढून त्याचे पाय मोजले. खोदताना हे यंत्र मागचे दोन पाय पसरून जमिनीवर रोवतं, नाहीतर स्वतःच हलेल. माझ्या दुसऱ्या गाठीवर ते पाय बरोबर येत होते, म्हणजे पाटाच्या दोन्ही बांधांच्या डोक्यावर. पाट साफ करायचा आणि बांध मोडायचे. मी ते दाखवलं. तो घाम पुसत म्हणाला, "बांध काय, परत बांधता येतात, मॅडम." मी दोरी गुंडाळली आणि उठले. असं म्हणणाऱ्या माणसाने जन्मात एकही बांध बांधलेला नसतो. दुसऱ्या दुकानातला विक्रेता याच्याहून हुशार होता, एवढंच की त्याने मला 'आंटी' म्हटलं.

शेवटी डिचोलीतल्या एका लहानशा दुकानात मला एक मेकॅनिक भेटला. पलीकडचा, कणकवलीकडचा, केस पिकलेला, विकायची काडीचीही इच्छा नसलेला. मी मोठ्या ट्रॅक्टरकडे पाहिलं तर म्हणाला, "बाई, तो घेऊ नकात. मागे हात लावलो की पुढलो भाग हलको जाता. चढणीर घोड्यासारखो उभो ऱ्हवतलो." मग दुकानातल्या सगळ्यात लहान ट्रॅक्टरवर मला बसवलं. पुढे टांगायची लोखंडी वजनं दाखवली, पाय कसे आत घेऊन रोवायचे ते दाखवलं. हात आणि मोवर बदलायला किती वेळ लागतो, असं विचारलं तर सरळ सांगितलं, "अर्धो दीस जातलो. रोज काढू-घालू नकात. पाट होयसर हात, मगे गवत." त्या आठवड्यात माझ्याशी खरं बोललेला तो पहिला पुरुष. मी म्हटलं, बकेट सगळ्यात अरुंद हवं, आणि त्याला दात नकोत. त्याने वर पाहिलं.

"दात नाय तर खणतलो कसो?"

"खणायचं नाहीच आहे. खरवडायचं आहे."

"पाट?"

"पाट."

"मगे सरळ पातां लावून देतंय," तो म्हणाला, आणि दुसरं काही विचारलं नाही.

विचारलं असतं तर तुमची गोष्ट सांगावी लागली असती. मी नऊ वर्षांची होते तेव्हा आईने एकदा तुमचा विसरलेला डबा माझ्याकडे देऊन मला खाणीवर पाठवलं. तुम्ही उंच केबिनमध्ये बसलेले, अंगभर लाल धूळ, खाली तीन-चार माणसं. मी विचारलं, मी वर येऊ? तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बायलांचो हात लागलो की मशीन बंद पडटा." ती माणसं हसली. मी म्हटलं, आमच्या शाळेतली सिस्टर स्वतः जनरेटर चालू करते, पांढरा झगा वर खोवून. तुम्ही म्हणालात, "ती माद्र. तिका घोव ना." जोगीण ती, नवरा नाही, म्हणजे बायकांत धरायची नाही. परत हशा. मी डबा खाली ठेवून घरी आले. तुमचे ते लाल कपडे आई बाकीच्या कपड्यांपासून वेगळे धुवायची, ओढ्याच्या खालच्या अंगाला, आणि पाणी किती वेळ तांबडं वाहायचं. तुम्हांला शेतीचा तिटकारा होता. कुळागर म्हणजे बायकांचं काम. पावसाळा संपला की झरीपासून आपल्यापर्यंतचा पाट काढायला सहा घरांतून एकेक माणूस यायचं. बाकी पाच घरांतून पुरुष यायचे, आपल्या घरातून आई. खोऱ्याने गाळ तेवढा ओढायचा, तळाला धक्का लावायचा नाही, एवढाच नियम. तो तळ कोणा पूर्वजांनी चिकणमाती तुडवून केलेला, आणि दर वर्षी गाळाखाली तो गुळगुळीत लागला की माणसं थांबायची.

मी चौदा वर्षांची होते त्या वर्षी कोणीतरी तुम्हांला टोमणा मारला, की मशीनवाला स्वतः मशीन चालवतो आणि पाटावर बायकोला धाडतो. तुम्हांला तो झोंबला. तुम्ही तुमच्या पात्रांवाला, खाणीच्या मालकाला, सांगून रविवारी एक मशीन आणलंत. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि सहा घरांचं काम एका सकाळी उरकलंत. लोक तोंडात बोट घालून बघत होते. आई नव्हती बघत. ती मशीनच्या मागून पाटातून चालत होती, खाली वाकून, आणि मी तिच्या मागून. तळात चार-चार रेघा उमटल्या होत्या, फणीने ओढल्यासारख्या, आणि रेघांच्या खाली माती नव्हती, जांभ्याचा तांबडा चिरा दिसत होता, भोकाभोकांचा. आई म्हणाली, "थांबय गो ताका." मी धावत पुढे आले, हात हलवले. तुम्ही मला बाजूला व्हायची खूण केलीत. संध्याकाळी पाणी सोडलं. ते दुसऱ्या कुळागरापर्यंत आलं आणि तिथे चिऱ्यात जिरून गेलं. तिसऱ्या दिवशीही दुसऱ्याच कुळागरापर्यंत. आपलं सहावं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पाट पयलींच फुटिल्लो." तो आधीचाच फुटका होता म्हणे. आणि तुम्ही कामावर निघून गेलात.

मग त्या सहा घरांतल्या बायकांनी तळ्यातली चिकणमाती पाट्यांनी डोक्यावरून आणली आणि ती पाटात पसरून पायांनी तुडवली. शिगमा होऊन गेला तरी तुडवतच होत्या. आई पहाटे कळशीने पोफळींना पाणी घालायची आणि दिवसभर पाटात असायची. तिच्या टाचा अशा फुटल्या की तिला आमटी वाढायला उठताना भिंत धरावी लागे. तुमची बस रोज त्या पाटाच्या वरच्या रस्त्याने जायची. तुम्ही खिडकीतून खाली बघायचात की नाही, मला माहीत नाही. दोन रांगा पोफळी त्या वर्षी मेल्या. त्यांच्या जागा अजून रिकाम्या आहेत. आता तुमच्या लेकाला तिथे दिल्लीवाल्याच्या खुर्च्या ठेवायच्या होत्या.

तर मी दिवाळी होताच ट्रॅक्टर पाटाच्या डोंगराकडच्या अंगाला उभा केला. पायांखाली माडाच्या लाकडाच्या फळ्या टाकल्या, म्हणजे भार पसरेल, आणि सरळ पात्याने चार-चार बोटं गाळ ओढला. चार बोटं ओढायची, बंद करायचं, खाली उतरून हाताने तळ चाचपायचा, परत वर चढायचं. तुमच्या एका सकाळच्या कामाला मला पाच आठवडे लागले. लिव्हर कधी कुठला ओढायचा ते सुरुवातीला कळेना आणि तो हात एखाद्या दारुड्यासारखा हवेतच फिरे. वाटेने जाणारे मोटरसायकल थांबवून बघायचे, सल्ले द्यायचे. ज्यांच्या घरांना कुलूप आहे तेही रविवारी पणजीहून येऊन सल्ला द्यायचे. "मॅडम, जरा खोल घ्या की, म्हणजे पाच वर्षं बघायला नको." मी मशीन बंद करून म्हणायचे, खोरं आहे तिथे, या खाली. कोणी आलं नाही. ती म्हातारी शेजारीण मात्र रोज बांधावर येऊन बसायची. एकदा कौतुकाने म्हणाली, "बापायचीच चली गो तूं!" बापाची लेक म्हटल्याचा मला इतका राग आला की मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. चिकणमाती जिथे फाटलेली सापडली तिथे मी उतरून पायांनी तुडवली. ते काम कुठलंही यंत्र करत नाही, मी तिन्ही दुकानांत विचारलं होतं. मग हात उतरवून मोवर लावला, अर्धा दिवस गेलाच, आणि पोफळींखालचं गवत कापलं. कापलेल्या गवताचा वास आला तेव्हा मी ट्रॅक्टर बंद करून तशीच बसून राहिले. आई त्या वासाला काय म्हणायची ते आठवेना.

जत्रेच्या दिवशी तुमचा लेक शिरगावहून दर्शन घेऊन थेट इकडे आला. हातात देवीच्या मोगऱ्याची माळ, कपाळावर घाम, अनवाणी. मी पुढे चालू लागले. शेवटच्या पोफळीच्या बुडाशी तो उकिडवा बसला, आळ्यात बोट घातलं, मग अख्खा पंजा घातला. पाणी त्याच्या मनगटाला लागत होतं आणि हलत होतं, म्हणजे येत होतं. तो बराच वेळ उठलाच नाही. "आईक दिसपाक जाय आशिल्लें," एवढंच म्हणाला, आईने बघायला हवं होतं म्हणून. मग शर्टाला हात पुसले, खिशातून माझा तो इंग्रजी कागद काढून मला परत दिला, आणि दिल्लीवाल्याला फोन लावून तिथेच, माझ्यासमोर, मोडक्या हिंदीत सांगितलं की बहीण ऐकत नाही. सगळं माझ्यावर ढकललं. तेवढं मी चालवून घेतलं.

इथे संपवायला हवं. पण हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, तेव्हा उरलेलंही लिहिते.

त्या उन्हाळ्यात तुम्ही एका सकाळी मला शाळेच्या बसपर्यंत सोडायला आलात. कधी येत नसत. डांबरी रस्त्यापाशी आपण उभे होतो, खालून बायकांचे आवाज येत होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाट म्हज्याच हातान फुटलो. आईक सांग." बस आली. मी "बरें" म्हटलं आणि चढले. आणि सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, स्वतः का सांगत नाही? तोंड नाही का? दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं. मग मला ते आवडायला लागलं, आई आणि मी एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या. तुम्ही त्यानंतर तिच्याकडे कसे बघायचात ते मला दिसायचं. निरोप पोचला असं समजून तिच्या उत्तराची वाट बघत असाल. तुम्ही गेलात, त्यानंतरही ती पुष्कळ जगली. शेवटच्या आजारात मी तिला संत्र सोलून देत होते, तेव्हा पाटाचा विषय निघाला आणि ती तुमच्याबद्दल म्हणाली, "एकदां म्हणपाक जाय आशिल्लें गो ताणें. एकदांच. हांवें कांय म्हणलें नासतें."

मी तिच्या हातावर फोड ठेवली आणि म्हटलं, त्यांचा स्वभावच तसा.